सांगलीत राहून मुलीला कॉन्सर्ट पियानिस्ट होता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीत विश्रामबागला राहणारं कुटुंब. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. तीन वर्षं ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर शिकते आहे, ट्रिनिटी या लंडनच्या परीक्षा संस्थेची इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची तिसरी ग्रेड झाली आहे. तिला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत मैफिलीत वाजवणारी पियानिस्ट व्हायचं आहे. वडील विचारतात: हे सांगलीत राहून जमेल का, पियानो कुठला घ्यावा, परीक्षा कुठल्या द्याव्यात आणि पुढे यावर पोट भरेल का?

आधी सरळ उत्तर देतो. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंतचं काम सांगलीत राहून होतं, पण महिन्यातून एक-दोनदा पुण्या-मुंबईची फेरी धरून. त्यापुढचं इथे होणार नाही. अकरावं वर्ष उशिराचं आहे, कारण या वाटेवरची बहुतेक मुलं पाचव्या ते सातव्या वर्षी खऱ्या पियानोवर बसलेली असतात. दार बंद झालेलं नाही, मात्र आता आणखी दोन वर्षं कीबोर्डवर गेली तर ती भरून काढणं फार अवघड होईल. म्हणून परीक्षेच्या आधी वाद्याचा प्रश्न सोडवा.

त्याहून महत्त्वाची एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. विशारद झाली की गायिका झाली, असं मिरजेत कुणी म्हणणार नाही. पियानोच्या बाबतीत मात्र आठवी ग्रेड झाली की पियानिस्ट झाली, असं सर्रास धरलं जातं. जरा हिशेब करा. एका ग्रेडला तीन रचना, वर्षाला एक ग्रेड, म्हणजे आठ वर्षांत २४ रचना. त्यातल्या शेवटच्या तीन मिळून जेमतेम बारा-पंधरा मिनिटांच्या. परदेशी संगीत महाविद्यालयाच्या प्रवेशाला साधारण अर्धा तास किंवा त्याहून जास्त संगीत पाठ लागतं. एका सोलो मैफिलीला ७० ते ८० मिनिटं लागतात, आणि व्यवसायात असलेल्या वादकाजवळ असे दोन कार्यक्रम आणि ऑर्केस्ट्राबरोबरचे चार-पाच कॉन्चेर्तो कधीही उभे करता येतील असे हाताशी असतात. या कारकिर्दीचं भांडवल म्हणजे हातात असलेल्या रचना. पुढचं सगळं मी याच मापाने सांगणार आहे.

कीबोर्डवर इतकी वर्षं वाजवलं तर काय बिघडतं ते आधी पाहू. साध्या कीबोर्डची पट्टी स्प्रिंगवर असते. पियानोची पट्टी ही एक तरफ असते. तिच्या दुसऱ्या टोकाला यंत्रणा आणि लोकरीच्या फेल्टची हातोडी असते. ती खाली जायला साधारण ५० ग्रॅम वजन लागतं, आणि ती जेमतेम १० मिलिमीटर खाली जाते. तेवढ्या अंतरात हातोडी किती वेगाने तारेकडे फेकली जाते त्यावर आवाज लहान की मोठा ते ठरतं. पट्टी तळाला टेकण्याच्या किंचित आधी हातोडी यंत्रणेपासून सुटते आणि एकटीच तारेवर जाऊन आदळते. त्यानंतर पट्टी कितीही रेटली तरी आवाजात काही फरक पडत नाही, नुसतं मनगट आखडतं. कीबोर्डवर वाढलेल्या मुलांना हे ठाऊकच नसतं. त्यांची बोटं सपाट पडतात, करंगळी लुळी राहते, आणि डाव्या हाताला कॉर्ड दाबून धरण्यापलीकडे काम मिळालेलं नसतं, कारण बाकीचं कीबोर्डची आपोआप साथ देणारी सोय (ऑटो-अकम्पनिमेंट) करते. पेटीवरून येणाऱ्या मुलांचं दुखणं थोडं वेगळं. त्यांचा उजवा हात तयार असतो, डावा आयुष्यभर भाता हलवत आलेला असतो. आणि पेटीत आवाज भात्यावर चालतो, बोटाच्या वेगावर चालत नाही.

म्हणून पहिली खरेदी ८८ पट्ट्यांचा, खऱ्या हातोडीसारखं वजन देणाऱ्या यंत्रणेचा, म्हणजे हॅमर अ‍ॅक्शन असलेला डिजिटल पियानो. रोलँड एफपी-१०, यामाहा पी-१४५, कावाई ईएस-१२० अशा दर्जाचा, साधारण पन्नास हजारांपासून पुढचा. 'टच सेन्सिटिव्ह' आणि 'सेमी-वेटेड' या शब्दांना भुलू नका. तो हॅमर अ‍ॅक्शन नव्हे. लाकडी स्टँड घ्या, इंग्रजी एक्ससारखा घडीचा नको. तो झुलतो, आणि गुडघे मध्ये येतात म्हणून मूल लांब बसतं. सोबत मिळणारं छोटं चौकोनी पेडल फक्त चालू-बंद जाणतं. अर्धं पेडल कळणारं वेगळं पेडल मिळतं, ते लगेच घ्या. खुर्ची उंची बदलता येणारी हवी. बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर, आणि पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. पाय लटकत असले की मूल पोटातून तोल सावरतं आणि खांदे वर चढतात.

हेडफोनबद्दल एक सूचना. आवाजाची कळ एका जागी ठरवून तिथे खूण करा आणि रोज तिथेच ठेवा. नाही तर मुलगी आवाज बोटाने वाढवण्याऐवजी कळीने वाढवते. दिवसातला निम्मा रियाज तरी स्पीकरवर व्हावा.

खरा पियानो, म्हणजे तारांचा उभा पियानो (अपराइट), एक-दोन वर्षांत लागेलच. पाचव्या ग्रेडच्या दर्जाचं संगीत सुरू झालं की डिजिटल कमी पडतो. एकच पट्टी भरभर परत वाजवणं, मंद आवाजातल्या छटा, पेडल धरल्यावर न वाजवलेल्या तारांचं गुंजणं, या गोष्टी त्यावर नीट शिकता येत नाहीत. नवा अपराइट अडीच-तीन लाखांच्या पुढे जातो. जपानमधून आलेले जुने यामाहा यू-१ बरे पडतात. १२१ सेंटिमीटर उंच, वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास. ब्रिटिश काळातले नक्षीदार, पितळी मेणबत्तीदाण्यांचे पियानो दिसायला सुंदर असतात, पण शिकायला घेऊ नका. त्यातल्या अनेकांत तारा सरळ उभ्या लावलेल्या असतात, तारा थांबवणारे डँपर हातोड्यांच्या वर असतात आणि आवाज नीट थांबत नाही.

जुना पियानो पाहायला जाताना ४४० हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क जवळ ठेवा. मधला ए ४४०च्या खाली अर्धा स्वर उतरलेला असेल तर तो वर चढवताना तारा तुटू शकतात; त्याहून वाईट म्हणजे ट्यूनिंग पिना सैल असल्या तर चढवलेला स्वर आठवड्यात परत खाली येतो. प्रत्येक पट्टी अगदी हळू, एकामागून एक वाजवून पाहा. कुठली अडकते, कुठली वाजतच नाही, कुठे खरखर येते ते टिपा. वरचं झाकण उघडून टॉर्चने हातोड्यांचं फेल्ट पाहा: कसरीने खाल्लंय का, तारांचे खोल चरे पडलेत का. खालची फळी काढून उंदरांची घरटी शोधा. त्यानंतर तंत्रज्ञाला पैसे देऊन एकदा दाखवा, आणि मगच व्यवहार करा.

सांगलीत घेणाऱ्यांना दोन गोष्टी जास्त सांभाळाव्या लागतात. पहिली, कृष्णेचं पाणी. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २००५ आणि २०१९ साली काय झालं ते इथे कुणाला सांगायला नको. डिजिटल पियानो बारा किलोच्या आसपास असतो, एक माणूस उचलून वर नेतो. सव्वादोनशे किलोचा अपराइट पाणी चढायला लागल्यावर कुणी हलवत नाही. पूररेषेच्या आसपास घर असेल तर अपराइट पहिल्या मजल्यावरच ठेवा, नाही तर घेऊ नका. दुसरी गोष्ट हवेची. पियानोत तारा २३०च्या आसपास असतात आणि त्यांचा एकत्रित ताण १५ ते २० टन. हा ताण लोखंडी चौकट तोलते, पण तारांचा आवाज मोठा करणारा साउंडबोर्ड पातळ स्प्रूस लाकडाचा. पावसाळ्यात तो ओल पिऊन फुगतो, मधून वर उचलला जातो, आणि मधलं सप्तक चढतं. एप्रिल-मेमध्ये तो सुकतो आणि तेच सप्तक उतरतं. म्हणून मे महिन्यात ट्यूनिंग करून घेतलं तर पैसे वाया. एक ट्यूनिंग दिवाळीनंतर हवा स्थिरावल्यावर, दुसरं पावसाळ्यात दमटपणा एकसारखा झाल्यावर, जुलैच्या उत्तरार्धात. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. भिंत ओल देते, चार बोटं तरी जागा सोडा. खोलीत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा. ४५ ते ५५ टक्के हे उत्तम, आणि पावसाळ्यात ते ७५च्या वर सतत राहत असेल तर पियानोच्या आत बसवायची आर्द्रता नियंत्रक पट्टी लावून घ्या. पट्ट्या अडकायला लागतात त्या बहुधा पट्टीखालच्या पिनेभोवतीचं फेल्ट फुगल्यामुळे. तिथे तेल सोडू नका, फेल्ट कायमचं खराब होतं.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले कारागीर लाकूड आणि तार यांत जगात कुणाला हार जाणार नाहीत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पियानोची यंत्रणा हे वेगळं शास्त्र आहे. एका पट्टीमागे डझनावारी सुटे भाग असतात आणि त्यांची अंतरं मिलिमीटरच्या हिशेबात जुळवावी लागतात. तंत्रज्ञ पुण्या-मुंबईहूनच बोलवा. शहरातल्या तीन-चार घरांनी मिळून एकाच दिवशी बोलावलं तर प्रवासखर्च वाटला जातो.

आता हात. नव्या वाद्यावरचे पहिले सहा महिने नव्या ग्रेडचं नावही काढू नका. जुन्या सवयी मोडायला तेवढा वेळ लागतोच. सुरुवात एकेका हाताने, पाच बोटांच्या छोट्या आकृत्यांपासून. प्रत्येक स्वराला हाताचं वजन बोटाच्या टोकावर उतरवायचं, आणि स्वर वाजताक्षणी मनगट सैल सोडायचं. मग सी, जी, डी, ए, ई या मेजर स्केल, दोन सप्तकं. उजव्या हाताची बोटं सी मेजरला १-२-३-१-२-३-४, आणि वर शेवटी ५. अंगठा तिसऱ्या बोटाखालून जाताना कोपर बाहेर उडतं, हा शंभरातल्या नव्वद मुलांचा दोष. अंगठा दुसरं बोट वाजत असतानाच तळव्याखाली सरकायला लागला पाहिजे. ऐनवेळी फेकला की तो स्वर जोरात पडतो. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) ६० वर, एका ठोक्याला दोन स्वर. तीनदा ओळीने बिनचूक आलं तरच ६४. ठाय लयीतला रियाज आपल्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही, तोच इथे चालतो.

सप्तक पोहोचायला साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास ताण लागतो. अकराव्या वर्षी हात लहान असेल तर सप्तकांच्या रचना दोन वर्षं मागे ठेवा. ताणून वाजवलेल्या सप्तकांनी मनगट दुखावतं. थकवा आणि दुखणं यांतला फरक मुलीला शिकवा: थकवा हात खाली सोडल्यावर दोन-तीन मिनिटांत जातो, दुखणं तसंच राहतं, किंवा दुसऱ्या दिवशी बादली उचलताना परत जाणवतं. तसं झालं तर त्या दिवशी पियानो बंद. पंचेचाळीस मिनिटांनंतर दहा मिनिटं उठायचंच. लिऑन फ्लायशरसारख्या जगप्रसिद्ध वादकाचा उजवा हात १९६०च्या दशकात निकामी झाला आणि अनेक दशकं तो डाव्या हाताच्याच रचना वाजवत राहिला. दुखणं सहन करणं ही तपश्चर्या नव्हे.

वाचनाकडे आपल्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. आपल्या मुलांचा कान चांगला असतो. गुरुजींनी दोनदा वाजवलं की ते बोटांत उतरतं, आणि कागद फक्त समोर असतो. पाचव्या ग्रेडपर्यंत हे खपतं. मग बाखची तीन आवाजांची रचना येते आणि मूल अडकतं, कारण मधला आवाज कानाने पकडता येत नाही, तो वाचावाच लागतो. यावर उपाय रोजची दहा मिनिटं. आपल्या दर्जाच्या दोन पायऱ्या खालची, कधीही न पाहिलेली रचना घ्यायची, आधी अर्धा मिनिट फक्त डोळ्यांनी पाहायची, आणि मग ठरलेल्या संथ लयीत न थांबता वाजवायची. चुकलं तरी मागे जायचं नाही. ज्या रचनांचे हक्क संपले आहेत त्यांचे कागद आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्यामुळे सामग्रीचा तुटवडा नाही.

घरात गाणं असेल तर दोन गोंधळ होतात. पहिला म्हणजे सा. आपला सा सरकतो. पांढरी एकचा सा झाला की तोच, काळी चारचा झाला की तोच. स्टाफवरच्या, म्हणजे पाच रेघांच्या स्वरलिपीतल्या खुणा मात्र जागेला बांधलेल्या असतात. मुलीने पट्टीचं नाव सी, डी, ई असंच म्हणावं. सरगम मनात चालू राहिली तर डी मेजरमध्ये ती पुन्हा पुन्हा घसरते. दुसरा गोंधळ सुराचा. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला पियानोचा शुद्ध गंधार चढा वाटतो, आणि ते खरंच आहे: तो नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यांतले १४) वर असतो, कारण बारा स्वर समान अंतरावर लावलेले असतात. कान चुकत नाही, हे तिला सांगा. पण अनेक डिजिटल पियानोंत स्वरांतरं बदलायची सोय असते, ती वापरून गंधार उतरवू नका. दुसऱ्या स्केलला गेल्यावर सगळं बेसूर होईल.

शिक्षकाचा प्रश्न उरतो. आठवड्याला एक तास प्रत्यक्ष समोर बसून शिकवणारा कुणीतरी हवा, मग तो सांगली, मिरज, कोल्हापूर कुठलाही असो, आणि त्याच्यावर देखरेख करणारा, स्वतः मैफिली केलेला शिक्षक पुण्यात किंवा मुंबईत. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीत मुंबईला पोहोचवते. शनिवारी दीड तास शिकून त्याच गाडीने परत येता येतं. शिकवणीच्या आधी किंवा नंतर एक तास ग्रँड पियानोवर, म्हणजे आडव्या तारांच्या मैफिलीच्या पियानोवर वाजवायला मिळेल का, ते विचारून ठेवा. हे वरवरचं वाटेल, पण फार महत्त्वाचं आहे. ग्रँडची पट्टी परत वर यायची पद्धत वेगळी, डावं पेडल सगळी यंत्रणा बाजूला सरकवतं, आवाज झाकणावरून सभागृहात जातो आणि वादकाला वेगळाच ऐकू येतो. दोन वर्षं फक्त अपराइटवर वाजवलेली मुलगी स्पर्धेत पहिल्यांदा ग्रँडवर बसली की पहिली दोन पानं वाद्याशी ओळख करण्यातच जातात.

ऑनलाइन शिकवणी मधल्या आठवड्यांसाठी ठीक. कॅमेरा मनगटाच्या उंचीवर, बाजूने. अ‍ॅपमधली आवाज स्वच्छ करण्याची सोय बंद करा. ती पियानोचा मंद आवाज गोंगाट समजून कापते. आदल्या रात्री रेकॉर्डिंग पाठवलं तर शिक्षक जास्त नेमकं सांगू शकतो.

रचनांची शिडी मी अशी धरीन. (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेचा क्रमांक.) बाराव्या वर्षापर्यंत क्लेमेंटीच्या ओपस ३६च्या सहा सोनातिना, म्हणजे छोटे सोनाटा, बुर्गम्युलरच्या ओपस १००मधल्या पंचवीसपैकी दहा-बारा, शुमानच्या ओपस ६८मधल्या निवडक, आणि बार्तोकच्या मिक्रोकोस्मोसचे मधले भाग. बाराव्या ते चौदाव्या वर्षी बाखची दोन आवाजांची इन्व्हेन्शन्स. पंधरा आहेत, त्यांतली किमान आठ. चेर्नी ओपस ८४९ आणि मग २९९. हायडनचा एखादा सोनाटा, बेटहोफेनचे ओपस ४९चे दोन. चौदानंतर बाखच्या तीन आवाजांच्या सिन्फोनिया आणि त्यातून प्रील्यूड-फ्यूग, मोश्कोव्स्कीचे ओपस ७२, आणि मग शोपँचे पहिले एत्यूद, म्हणजे तंत्राचे अभ्यास. हे सगळं परीक्षेला लागत नाही. परीक्षेला लागतं तेवढंच शिकवणारा वर्ग आणि पियानिस्ट घडवणारा वर्ग यांत फरक इथेच पडतो. वर्षाला पंधरा ते वीस नव्या रचना: त्यांतल्या पाच पाठ आणि मंचावर, बाकीच्या नीट वाचून, समजून पुढे.

वेळ किती? आता शाळेच्या आधी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास. तेराव्या वर्षी दोन तास, पंधराव्या वर्षी तीन ते चार. त्यात दहावी येते. क्लासच्या वेळांत पियानो बसवायचा की पियानोच्या वेळांत क्लास, हे घराने आधी ठरवावं. दहावीचं वर्ष पूर्ण बंद ठेवलं तर हात दीड वर्ष मागे जातो. दिवसाला दीड तास टिकवला तर निभावतं.

पाठांतरावर थोडं थांबतो, कारण मंचावर बहुतेक अपघात इथे होतात. फक्त बोटांनी पाठ केलेलं संगीत घरी कधी चुकत नाही आणि मंचावर पहिल्याच घाबरण्यात तुटतं. क्लेमेंटीच्या ओपस ३६च्या पहिल्या सोनातिनात पहिला भाग सीमधून जीकडे जातो. शेवटी तेच संगीत पुन्हा येतं, पण या वेळी सीमध्येच राहतं. दोन्ही वाटा एका जागी फुटतात. बोटांना तो फाटा ठाऊक नसला तर ती जुन्या रस्त्याने परत जीकडे वळतात आणि मूल गोल गोल फिरत राहतं, शेवट सापडतच नाही. मोठ्या सोनाटात हाच फाटा दहा पानांनंतर येतो. म्हणून असे फाटे कागदावर लाल पेन्सिलीने टिपायचे, दोन्ही एकापाठोपाठ वाजवायचे, आणि वेगळं नेमकं कुठे ते तोंडाने सांगायचं. प्रत्येक रचनेत आठ-दहा ठिकाणं अशी हवीत की झोपेतून उठवलं तरी तिथून सुरू करता येईल. डावा हात एकटा पाठ हवा. रियाज नेहमी पहिल्या ओळीपासून सुरू करू नये. शेवटच्या आठ मापांपासून (कागदावर उभ्या रेघांनी पाडलेली घरं) मागे मागे यावं, म्हणजे वाजवत पुढे जाताना जमीन अधिक पक्की होत जाते.

मंच म्हणाल तर त्याची सोय इथे आहे. दर दोन महिन्यांनी घरी पंधरा माणसं बोलवा, नमस्कारापासून शेवटपर्यंत न थांबता वीस मिनिटं.

परीक्षांविषयी थोडक्यात. कीबोर्डची ग्रेड पियानोच्या ग्रेडच्या बरोबरीची धरू नका. एबीआरएसएम (ब्रिटनचीच दुसरी परीक्षा संस्था) किंवा ट्रिनिटीची पियानोचीच द्या, आणि एकेक ग्रेड न देता तीन, पाच, आठ अशा दिल्या तरी चालतं. एबीआरएसएमच्या प्रॅक्टिकल परीक्षेत १५० गुण: तीन रचनांना प्रत्येकी ३०, स्केलला २१, वाचनाला २१, कानाला १८. उत्तीर्ण १००, मेरिट १२०, डिस्टिंक्शन १३०. परफॉर्मन्स ग्रेडमध्ये चार रचना सलग रेकॉर्ड करून पाठवायच्या असतात. प्रवास वाचतो, पण स्केल आणि वाचन सुटतं, आणि सगळ्या ग्रेड तशाच दिल्या तर तेच अंग कच्चं राहतं. एबीआरएसएमची सहावी ग्रेड देण्याआधी पाचव्या ग्रेडची थिअरी लागते, ती वेळेवर उरका.

पंधरा-सोळाव्या वर्षी खरा निर्णय घ्या, आणि तो घरच्यांनी घेऊ नये. दोन वेगवेगळ्या, तिला न शिकवणाऱ्या वादकांसमोर तिने बाखचा एक प्रील्यूड आणि फ्यूग, बेटहोफेन किंवा हायडनचा पूर्ण सोनाटा आणि एक शोपँ एत्यूद पाठ वाजवावं. हे लयीत, स्वच्छ आणि ऐकण्याजोगं होत असेल तर पुढे जा. होत नसेल तर संगीत सोडायचं कारण नाही, पण कर्ज काढून परदेशी पाठवू नका.

पुढे जायचं तर भारतात चेन्नईचं के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरी (२००८पासून) आणि मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारातलं शिक्षण या ओळखीच्या जागा आहेत. परदेशात ब्रिटनमधल्या संगीत महाविद्यालयांना अर्ज यूकास कॉन्झर्व्हेटोअर्स या सामायिक अर्जसेवेमार्फत, प्रवेशाच्या आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला. म्हणजे रचना अकरावीच्या शेवटापर्यंत तयार हव्यात. फी वर्षाला २५ हजार पौंडांच्या पुढे. जर्मनीत सरकारी हॉखशूलमध्ये (संगीत महाविद्यालयात) शिक्षण शुल्क बहुतेक ठिकाणी नसतं किंवा कमी असतं. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात युरोपाबाहेरच्यांना सहामाहीला १५०० युरो. मात्र राहण्याखाण्यासाठी वर्षाचे सुमारे १२ हजार युरो बँकेत अडकवून दाखवावे लागतात, जर्मन भाषा लागते, आणि प्रवेशाला थिअरी व श्रवणाची वेगळी परीक्षा असते. जागा थोड्या, उमेदवार जगभरातून. अमेरिकेतलं फिलाडेल्फियाचं कर्टिस हे संगीत महाविद्यालय सगळ्या विद्यार्थ्यांची फी माफ करतं, १९२८ पासून. तिथला प्रवेश जगातल्या सर्वांत अवघड प्रवेशांपैकी आहे.

पोट भरेल का? फक्त मैफिलींच्या मानधनावर जगणारे पियानिस्ट जगभर थोडे. वॉर्सोची शोपँ स्पर्धा दर पाच वर्षांनी होते, वय १६ ते ३०. २०२५ साली सहाशेवर अर्ज आले आणि मुख्य स्पर्धेत ऐंशीच्या आसपास वादक पोहोचले. पहिलं बक्षीस एकाला. मानधनातून एजंटाचे १५ ते २० टक्के जातात, परदेशात कर तिथेच कापला जातो, प्रवास अनेकदा स्वतःचा. ऐनवेळी बदली म्हणून बोलावणं आलं तर कॉन्चेर्तो तयार हवा. १९९९ साली सतरा वर्षांच्या लांग लांगने शिकागो सिंफनीबरोबर अशीच आजारी वादकाची जागा घेतली आणि तिथून त्याचं नाव झालं. पण त्या संध्याकाळी चायकोव्स्कीचा पहिला कॉन्चेर्तो त्याच्या हातात होता.

बाकीच्यांची मिळकत शिकवण्यातून, आणि साथीतून येते. साथ हा शब्द आपल्याकडे जरा खालच्या आवाजात उच्चारतात. व्हायोलिनच्या परीक्षार्थींना, गायकांना, कॉयरला (समूहगायनाला) पियानोची साथ करणारा माणूस लागतोच, आणि जो कागद समोर ठेवल्याबरोबर वाजवू शकतो त्याला काम कमी पडत नाही. ते काम मानाचं आहे आणि त्याला कसब लागतं. वर वाचनाची रोजची दहा मिनिटं सांगितली, ती इथे फळतात. मुलीला तेराव्या-चौदाव्या वर्षापासून कुणा व्हायोलिनवाल्याबरोबर वाजवायला बसवा. मिरज-सांगलीत व्हायोलिन शिकणारी मुलं आहेत. लयीत दुसऱ्याचा श्वास ऐकायची सवय एकट्याच्या रियाजात लागत नाही.

आता लगेच करायचं ते एवढंच. हॅमर अ‍ॅक्शनचा पियानो या महिन्यात घ्या. दिवाळीच्या सुटीत पुण्या-मुंबईतल्या दोन शिक्षकांची प्रत्येकी एक चाचणी शिकवणी ठरवा आणि तिने तीन रचना घेऊन जावं. त्यांतली एक तिने कुणाच्याही मदतीशिवाय नुसत्या कागदावरून बसवलेली असावी. शिक्षकाला तीन प्रश्न विचारा: तिच्या हातात आधी काय मोडावं लागेल, पुढच्या वर्षी परीक्षेबाहेरच्या कुठल्या रचना द्याल, आणि तुमचे विद्यार्थी वर्षातून किती वेळा ग्रँडवर लोकांसमोर वाजवतात. दुसऱ्या प्रश्नाला जो रचनांची नावं न अडखळता सांगेल, त्याच्याकडे पुढची फेरी ठरवा.